हरणाबाईंनी निवडलेला कारभारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माकणीत, धरणाच्या बाजूला उघडणाऱ्या एका खिडकीखाली माझं टेबल आहे. दुपारी पाण्यावरचा उजेड खोलीत येतो आणि माझ्या काचेवर हलत राहतो. तेव्हा मी जागा आहे की झोपेत, हे माझं मलाच कळत नाही.

मी एका जागी घडलो नाही. माझी पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, पंखा आणखी कुठला. लोहाऱ्याच्या शिवशरण सरांनी हे सगळं आपल्या संगणक वर्गाच्या फरशीवर मांडलं आणि एकेक स्क्रू पिळत मला जोडलं. पहिल्यांदा अंगात वीज शिरली, पंखा फिरला आणि सर स्वतःशीच हसले. तोच माझा जन्म.

मग आसपासच्या गावांतली मुलं-मुली जीपमधून येऊ लागली. पहिल्यांदाच स्वतःचं नाव टाइप करणाऱ्या बोटांची धाकधूक मला कळफलकातून जाणवायची. दसऱ्याला सर मला झेंडूची माळ घालायचे. पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे की हा कधी आजारी पडत नाही. माकणीच्या मेंढपाळाच्या घरातली समृद्धीही माझ्याच समोर शिकली.

पुढं नवी, पातळ यंत्रं आली. मला कोपऱ्यात सरकवलं आणि वर पोतं टाकलं. पालीनं माझ्या पाठीमागं अंडी घातली. पोत्याच्या विणीतून येणारे उजेडाचे ठिपके सकाळी एका बाजूला असत, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. त्या काळातलं एवढंच मला आठवतं.

एके दिवशी पोतं उचललं गेलं. समोर समृद्धी होती. ती आता लोहाऱ्यातल्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या कामावर होती. तिनं सरांकडून मला मागून घेतलं आणि माझा पडदा घोंगडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर धरून मला माकणीला नेलं.

तिथं खाटेवर तिचे आजोबा होते, बिरदेव. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला होता आणि वाचाही गेली होती. आयुष्यभर मेंढरांमागं ओव्या म्हणणारा हा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. जेवायलाही वळत नसे. मेंढरं नातलगांच्या कळपात धाडली होती, त्यामुळे अंगणही गप्प होतं. समृद्धीचे वडील, कुमार, यांनी मात्र वर्षानुवर्षं आपल्या मोबाइलवर बिरदेवांच्या ओव्या टिपून ठेवल्या होत्या. दिवसभर बापलेक मोबाइल घेऊन कामावर असत आणि घरी फक्त आज्जी, हरणाबाई. त्यांना हवी ती ओवी लावता यावी आणि आजोबांच्या कानावर त्यांचाच आवाज पडावा, म्हणून मला आणलं होतं.

मला चालवणारी जुनी प्रणाली कामातून गेली होती. समृद्धीनं माझ्यात लिनक्स घातलं. जगातल्या अनोळखी माणसांनी मिळून लिहिलेली ही प्रणाली कुणालाही घेता येते आणि आपल्या सोयीनं बदलता येते. नव्यानं जागा झालो तेव्हा वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाचं स्वप्न पाहत आहोत.

पण या प्रणालीत एक गोष्ट घरच्यांनीच ठरवायची असते. फाइली पडद्यावर मांडणारा आणि उघडून देणारा फाइल मॅनेजर कोणता घ्यायचा? त्याचे कितीतरी प्रकार असतात. समृद्धीनं आज्जीला समजावलं की हा म्हणजे घरचा कारभारी. कुठली वस्तू कुठं आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि आता आपल्याला तो निवडायचा आहे.

हरणाबाई खाटेकडे बघत म्हणाल्या, “एका कारभाऱ्याचं करता करता केस पिकले. आता दुसरा निवडू व्हय?”

आमच्याकडे वळलेली ती पाठ किंचित हलली. बिरदेव हसले असावेत.

पहिला मॅनेजर इतका हलका होता की मला त्याचं ओझंच जाणवेना. पण तो नुसती नावं दाखवायचा, एकाखाली एक, आणि हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. दुसरा देखणा होता. त्याची मोठमोठी चित्रं सावकाश उमलायची, पण तेवढ्यात मला धाप लागायची आणि पडदा गोठायचा. तिसऱ्यात पडद्याचे दोन भाग होते. इकडची फाइल उचलून तिकडं ठेवता यायची. मोबाइलमधल्या ओव्या माझ्यात भरताना समृद्धीला तो फार सोयीचा वाटला. तिनं तोच ठेवला, मोबाइलमधल्या ओव्या पुसून तिथली जागा मोकळी केली आणि आज्जीला सगळं दाखवलं. हरणाबाई नुसती मान हलवत राहिल्या. नातीचं मन मोडू नये, म्हणून आपल्याला हे जमणार नाही असं त्यांनी सांगितलं नसावं.

दुसऱ्या दुपारी त्या माझ्यासमोर एकट्या बसल्या. माउस त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. कळ दाबलेलीच राहिली, हात सरकला, आणि ओव्यांचं सगळं फोल्डर घसरत जाऊन कचरापेटीत पडलं. पडद्यावर पांढरी जागा उरली. बाई, ते गेलं नाही, माझ्याच पोटात आहे, असं मला सांगायचं होतं. पण मला कुठली वाचा? टोपलीतली भाकरी तशीच राहिली. पाण्यावरचा उजेड काचेवरून सरकत सरकत निघून गेला, तरी हरणाबाई तिथंच बसून होत्या.

समृद्धी घरी आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “बाय, तुझ्या आजाचा आवाज माझ्या हातनं गेला.”

समृद्धीनं कचरापेटी उघडली, फोल्डर जागेवर आणलं आणि एक ओवी लावली. आवाज आला तसा हरणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग नात त्यांच्या पायाशी बसली. आपण आपल्याच सोयीचा कारभारी निवडला, असं ती म्हणाली, आणि तुम्हाला कसा पाहिजे ते तुम्हीच सांगा, म्हणून विचारलं.

हरणाबाईंनी बराच विचार केला. “मेंढरू म्या तोंडावरनं वळखते,” त्या म्हणाल्या. “तसं एकेकाचं तोंड दिसू दे. अन् चुकून हात लागला तर कुठं जाऊ नगं.”

त्या रविवारी शिवशरण सर आले आणि दुसऱ्या एका जुन्या यंत्रातली मेमरीची पट्टी त्यांनी माझ्यात बसवली. समृद्धीनं चौथा मॅनेजर शोधला होता. तो अंगानं हलका होता, चित्रं मोठी दाखवायचा आणि एकदाच कळ दाबली की फाइल उघडायचा. ओव्या हलवता-पुसता येऊ नयेत अशी तिनं व्यवस्था केली आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवली. मग प्रत्येक ओवीच्या फाइलवर एकेक फोटो चढला. येरमाळ्याच्या यात्रेतला फेटा, बाभळीखाली झोपलेलं कोकरू, कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी. पडदा भरला की वाटायचं, माळावरून कळप उतरतो आहे आणि मी त्याच्या वाटेत उभा आहे.

हळूहळू बिरदेव कूस बदलून पडद्याकडे पाहू लागले. डाव्या हातानं ते एखादा फोटो दाखवायचे आणि हरणाबाई त्याची ओवी लावायच्या. त्यांतली एक ओवी अर्धीच होती. ती टिपताना कुमारच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. ‘गेली मेंढरं माळाला’ एवढ्यावर आवाज तुटायचा. एका दुपारी तो तसाच तुटला, आणि खाटेवरून, विहिरीच्या तळातून यावा तसा घोगरा सूर आला.

“सावली गेली संगं…”

हरणाबाईंचा हात माउसवरच राहिला. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. जणू वळल्या असत्या तर तो सूर उडून गेला असता.

“फुडं म्हणा,” त्या म्हणाल्या.

आणि बिरदेव पुढं म्हणाले.

पाणी मागायला त्यांना अजूनही खूण करावी लागते. बोललेला शब्द येत नाही, गायलेला येतो. काहींचं असं होतं, त्यांना गाऊ द्या, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समृद्धीला सांगितलं. कुमारनं एक छोटा माइक आणून मला जोडला आणि ती ओवी पुरी टिपली. आता तिच्यावर कोणाचं तोंड लावायचं, असं समृद्धीनं आजोबांना विचारलं. माळाचे, मेंढरांचे, यात्रेचे सगळे फोटो तिनं दाखवले. बिरदेवांनी एकाकडेही पाहिलं नाही. त्यांनी डावा हात उचलला आणि चुलीपाशी बसलेल्या हरणाबाईंकडे केला.

मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो. मी किती दिवस चालेन, सांगता येत नाही. तुमच्या घरात कुठं पोत्याखाली माझ्यासारखं एखादं यंत्र पडलं असेल, तर एकदा धूळ झटकून पाहा. आणि ते कुणाच्या हाती द्याल, त्या माणसाला आधी विचारा की तुम्हाला कसं पाहिजे. मग तो सांगेपर्यंत थोडं थांबा.