कायम उत्पन्नाचा पुरावा

अकरा भाडेकरूंना मी दारातूनच कटवलं. कुणाला नोकरी नव्हती, कुणाची टिकत नव्हती. बारावी आली ती मुलांच्या वाढदिवसांना विदूषक होणारी बाई.

"दर महिन्याला ठरलेलं काय येतं?" मी दरडावलं.

"काहीच नाही, काकू. कधी तुपाशी, कधी उपाशी. तुमचं कसं चालतं?"

"माझं? या खोलीच्या भाड्यावर!"

"आणि खोली रिकामी कधीपासून?"

"नऊ महिने झाले," मी तोऱ्यात बोलून गेले आणि जीभ चावली.

"नऊ भरले? मग आता मोकळ्या व्हा की!" म्हणत तिने किल्लीसाठी हात पुढे केला. दुसऱ्या हाताने पिशवीतून लाल नाक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"शनिवारी एक विदूषक कमी पडतोय, काकू. येता?"