शंभर पानांतली तीस

अंकितच्या वडिलांच्या निवृत्तीचं जेवण माझ्याकडे आलं, तेव्हाच मी ठरवलं, याला आता सोडायचं नाही.

अंकित म्हणजे घरपोच जेवण देणाऱ्या अ‍ॅपचा माणूस. दोन वर्षांपूर्वी मनीषनगरातल्या माझ्या सावजी भोजनालयात आला, मटणावर आडवा हात मारला आणि म्हणाला, "शामलाताई, अ‍ॅपवर या, बसल्या जागी धंदा वाढन." गेले अ‍ॅपवर, तर शंभरातले तीस कापू लागला. मग दोनशेची थाळी तिथं दोनशे नव्वदला लावावी लागली, वर गिऱ्हाइकाला डिलिव्हरीचे वेगळे. नुसते पैसे गेले असते तर मी गिळलं असतं. पण वीस वर्षांची माझी गिऱ्हाइकं रस्त्यात तोंडावर म्हणू लागली, "ताई, तुमी तं लुटूनच राहिल्या." ते मला गिळता आलं नाही.

त्यानं शंभर पानं सांगितली. मी शंभरांचंच रांधलं, पण हॉलमध्ये सत्तरांचं उतरवलं. तिसांचं मटण-भाकरी बाहेर ऑटोत झाकून ठेवलं. यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. हा रिकाम्या पत्रावळीपुढे बसलेला मला डोळे भरून बघायचा होता.

तिथं मी चुकले. अंकित आपल्या साहेबांसोबत पहिल्याच पंगतीला जेवून मोकळा झाला. शेवटी बसल्या त्या घरच्या बायका, काकू, माम्या, सुना, आणि टोकाला त्याची आई. सगळ्या सकाळपासून राबलेल्या. आणि माझं पातेलं रिकामं.

अंकित धावत आला. "शामलाताई, शंभर सांगितले होते ना."

"तीस माझं कमिशन. तू कापतो तसंच."

"लोक काय म्हणतील?"

"तेच, जे मले म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला आणि माझ्या काळजाला थंडावा मिळाला. पण पुढ्यात बायका उपाशी होत्या, त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? मी म्हटलं, "जेवण ऑटोत आहे. पण वाढशील तू. अन् प्रत्येकीले सांगशील, शामलाताईची थाळी दोनशेचीच आहे, वरचे नव्वद आमच्या कापण्यापायी लागतात."

तो रश्श्याची बादली घेऊन निघाला. पहिलीपुढे नुसता पुटपुटला. मी मागेच होते. "पुन्हा सांग." त्यानं पुन्हा सांगितलं. मग दुसरीला, तिसरीला. एका मामीनं घास हातातच ठेवला. "म्हणजे मी या बाईचं दुकान उगाच सोडलं काय गा?" त्यानं मान हलवली. मी एकीलाही गाळू दिलं नाही. दया आली नाही, आणि खोटं कशाला सांगू, मजा आली.

आईपुढे मात्र तो न बोलताच वाकला. तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मले नाई सांगितलं तू."

"आई, तू ऐकलं ना सगळं."

"ऐकलं. आता मोठ्यानं सांग. तुह्या साहेबायलेबी ऐकू जाऊ दे."

साहेब दाराशी बडीशेप चघळत उभे होते. अंकितनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, हॉलभर ऐकू जाईल असं. मग तिनं हात काढला.