आडवं बोअर

"शपतीत खाली मारू न्हाई आसं म्हणलंय. आपलं आडवं हाय," देवळाच्या पायरीवर चपला काढता काढता लालासाहेब बायकोच्या कानाशी पुटपुटले. "तू निस्ती गप उभी ऱ्हा."

माण तालुक्यातल्या त्यांच्या दुष्काळी गावाने मागे खंडोबापुढे भंडारा उचलून शपथ घेतली होती: जमिनीतलं पाणी सगळ्यांचं, कुणी खाली बोअर मारायचं नाही. गावाने ते पाळलं. आणि शालूबाईच्या नवऱ्याने, फौजेतून पेन्शनीत आलेल्या शिस्तीच्या माणसाने, गाव जत्रेत गुंतलेलं बघून आपल्या विहिरीच्या पोटात, गावविहिरीच्या अंगाला आडवं भोक पाडून घेतलं! वरून बघणाऱ्याला काय कळणार, कपाळ? डाळिंबं तरारली आणि गावविहिरीचा तळ उघडा पडला.

म्हणून आज पुन्हा घराघराने भंडारा उचलायचा होता. खोटा उचलला की पोराबाळांना भोवतो, हे शालूबाई लहानपणापासून ऐकत आलेली. तिचं एकुलतं एक पोर, साईराज, तिकडे बर्फातल्या चौकीवर. देवाला उभं-आडवं काय समजावणार?

भंडाऱ्याचं ताट धरून बसलेले म्हातारे कोंडीबा म्हणाले, "या लालासाहेब. म्हणा, माज्या हिरीत बोअर न्हाई. उभं न्हाई, आडवं बी न्हाई."

लालासाहेब थबकले. मग त्यांनी बाही सारून हात पुढे केला. पळवाट बुजली तरी हा माणूस मागे सरत नाही, हे बघून शालूबाई हबकलीच. हा आता पोराचा जीव त्या ताटात ठेवणार!

तिने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. "आवं, नगा! नगा उचलू!" आणि कोंडीबांकडे वळून ओरडली, "आमच्यात हाय आडवं. बुजवा. आत्ताच्या आत्ता बुजवा."

कोंडीबांनी ताट बाजूला सारलं आणि माणसं तिच्याकडे न बघता सिमेंट आणायला उठली. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारी चार माणसांनी विहिरीत उतरून भोक सिमेंटने लिंपलं. घरी आल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. लालासाहेब उठले आणि आपल्या हाताने माठातलं पाणी घेऊन प्यायले.

"गावात तोंड दावाय जागा ठिवली न्हाईस," एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तिन्हीसांजेला फोन वाजला, तर तिचा हातच पुढे होईना. भंडारा उचलला नव्हता, पण त्यांचा हात तर पुढे गेला होता. देव तेवढंही धरतो का, हे आता विचारायचं तरी कुणाला?

"आये, किती येळ गं? घाबरलो की मी," साईराज म्हणाला. "अण्णा हायत का? दे त्यास्नी."

तिने भिंतीकडच्या पाठीकडे पाहिलं.

"झोपल्यात. तूच बोल," ती म्हणाली. "काय जेवलास, थंडी किती हाय, काय बी सांग. बोलत ऱ्हा, बाळा."