किंवा

कोर्टाच्या दारातल्या शिपायाने पिशवी उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर काढून ठेवली. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, साबणाची वडी, पंचा, जुनं जर्मन बायबल, मक्याच्या पावाचा जाडजूड तुकडा आणि सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी.

"आजोबा, गावाला निघालात की काय?"

"तुरुंगात," एनॉस गिंगरिच म्हणाला.

शिपाई पोट धरून हसला. काळी टोपी, पांढरी दाढी आणि असा सरळ चेहरा ठेवून थट्टा करणारा आमिश पंथाचा म्हातारा त्याला पहिल्यांदाच भेटत होता. "बरणी काचेची आहे, आत नेता यायची नाही. पिशवी राहू दे माझ्याकडे, जाताना घेऊन जा."

जाताना कोणत्या दाराने, हे एनॉसला विचारावंसं वाटलं. शेजारी सलोमा, त्याची बायको, उभी होती. तिला हसू आलं नाही. त्या मोज्यांची लोकर तिने स्वतः कातली होती आणि टाचा दुहेरी विणल्या होत्या, कारण तुरुंगाची फरशी कशी असते हे त्या घरात तीन पिढ्यांना तोंडपाठ होतं.

एनॉसच्या आज्याला पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात भरतीसाठी पकडून लष्करी छावणीत नेलं होतं. हात वर कर आणि शपथ घे, असं अधिकाऱ्याने फर्मावलं. आजा नाही म्हणाला. शपथ वाहायची नाही, आपलं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, त्यावर देवाची मोहोर मागायची नाही, ही त्यांच्यातली रीत तेव्हाही काही शतकांची जुनी होती. अधिकाऱ्याला रीतीशी काय देणंघेणं? त्याने आज्याला हिवाळाभर अनवाणी कोठडीत ठेवलं. आजा परत आला तो डाव्या पायाची दोन बोटं थंडीला देऊन. लहानपणी एनॉस त्या पायाकडे टक लावून बघायचा. आजा म्हणायचा, "बघून घे. 'नाही' हा शब्द एवढ्याला पडतो."

आता वेळ नातवावर आली होती, आणि तीही डॅरिल होब्ससारख्या माणसापायी.

डॅरिल इंग्रज होता. आपल्यातला नाही तो इंग्रज, मग त्याचे वाडवडील पोलंडहून आलेले असोत की आणखी कुठून, असा आमिश लोकांचा सोपा हिशेब. चाळिशीचा, फाटक्या तोंडाचा, पूर्वी चोरीपायी एकदा आत जाऊन आलेला. पलीकडच्या मोठ्या शेतमालकाकडे कामाला होता. मालकाशी त्याची जुंपली, मालकाने हाकललं, आणि तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मालकाचं गवताचं कोठार जळून खाक झालं. आग कोणी लावली हे शोधायला कुणी फार लांब गेलं नाही.

खरी गोष्ट अशी होती की कोठार जळत होतं तेव्हा डॅरिल एनॉसच्या गोठ्यात खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू फिरवत होता. सलोमा बहिणीकडे गोधड्या शिवायला गेली होती. रस्त्याने चाललेल्या डॅरिलला एनॉसनेच हाक मारून आत बोलावलं होतं. "म्हातारबा, तुझी गाय मला लाथ घालणार बघ," असं म्हणत म्हणत त्याने वासरू सुखरूप बाहेर काढलं. या गोष्टीला एनॉस आणि ती गाय सोडली तर साक्षीदार नव्हता. गाईची साक्ष ओहायोत अजून चालत नाही.

एनॉस आधी आपल्या बिशपकडे गेला. बिशप बराच वेळ दाढी कुरवाळत बसला.

"खरं सांगायला बंदी कुणाची? जा, सांग. पण शपथ नाही हं, एनॉस."

"शपथेशिवाय ते ऐकून घेतील?"

"इंग्रजांच्या कोर्टाचं मला काय ठाऊक? आपल्या वस्तीतलं कुणी गेलंय का तिथं कधी?"

"आणि आत टाकलं तर?"

"तर आम्ही तुझं गवत कापू."

दोघांनाही यात काही वावगं दिसलं नाही. कुणा जाणत्याला एकदा विचारून बघावं, एवढी साधी गोष्ट ना बिशपला सुचली ना एनॉसला. सोसायची तयारी असलेल्या माणसांचं हे असं होतं. सोसावं लागेलच, हे ते धरून चालतात आणि मोजे विणायला घेतात.

डॅरिलची सरकारने नेमून दिलेली वकीलही त्यांच्यासारखीच निघाली. मिस किनकेड, वयाने तरुण, हाती पन्नास खटले. तिने एनॉसला वासराविषयी खोदून खोदून विचारलं, पण शपथेविषयी अवाक्षर काढलं नाही. ती बिचारी लहानपणापासून ते वाक्य ऐकत आली होती. रोज पायाखालच्या वाटेवरचा दगड कोणाला दिसतो?

एनॉसचं नाव पुकारलं गेलं. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. समोर निकाल देणारे बारा पंच, उंचावर न्यायाधीशबाई, डावीकडे आरोपीच्या टेबलाशी डॅरिल, गळ्याला काचणाऱ्या उसन्या टायमध्ये. मागच्या बाकावर सलोमा, मांडीवर हात घट्ट धरून.

कोर्टाची कारकून मार्जरी उठली. गेली वीस वर्षं ती हे वाक्य म्हणत होती, आणि आता ते वाक्य राहिलंच नव्हतं, उतारावरून सुटलेली गाडी झाली होती.

"उजवाहातवरकरा, खरंसांगालसगळंखरंसांगाल, खऱ्याखेरीजकाहीसांगणारनाही, अशीशपथघेताकिंवाग्वाहीदेता?"

एनॉसने त्यातला एकच शब्द ऐकला. तोच ऐकायला तो आला होता.

"नाही."

मार्जरीने मान वर केली. "काय म्हणालात?"

"नाही. शपथ मी घेणार नाही."

पंचांच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. खुर्चीतून एकदम उठलेल्या सरकारी वकिलाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "न्यायाधीशमहोदया, साक्षीदार शपथ घ्यायला नकार देतो आहे! खरं बोलायची ज्याची तयारी नाही, त्याची साक्ष काय म्हणून ऐकायची? त्याला खाली उतरवावं."

डॅरिलने टेबलावर कपाळ टेकलं. "संपलं," तो पुटपुटला. मिस किनकेड कागद उलटेपालटे करत राहिली. एनॉसचा हात खालीच होता. त्याला डॅरिलकडे बघवेना. आपण आत गेलो तर आपल्याबरोबर हाही आत जाणार, हे आता कुठे त्याला पुरतं कळत होतं. 'नाही' एवढ्याला पडतो, हे आज्याने सांगितलं होतं. त्याची किंमत दुसऱ्यालाही चुकवावी लागते, हे सांगायचं राहून गेलं होतं. एक हात वर करायचा अवकाश होता. सलोमाने डोळे मिटून घेतले.

"वकीलसाहेब, बसा खाली," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मग पुढे वाकून त्यांनी एनॉसकडे पाहिलं. "मिस्टर गिंगरिच, तुम्ही आमचं वाक्य पुरतं ऐकलंत का?"

"पुरतं म्हणजे?"

"मार्जरी, पुन्हा म्हण. सावकाश."

मार्जरीचा चेहरा लाल झाला. ती एकेक शब्द असा उच्चारू लागली, जणू काचेचं सामान एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं होतं. "खरं सांगाल, सगळं खरं सांगाल, खऱ्याखेरीज काही सांगणार नाही, अशी शपथ घेता..." इथे ती थांबली. वीस वर्षांत ती इथे कधी थांबली नव्हती. "...किंवा... ग्वाही देता?"

"किंवा?" एनॉस म्हणाला.

"किंवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ज्यांना शपथ चालत नाही त्यांनी नुसता आपला शब्द द्यायचा. हात वर करायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही. खोटं बोललात तर शिक्षा मात्र तीच. चालेल?"

एनॉसने पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. "हे... आज माझ्यासाठी केलंत तुम्ही?"

"मी? छे!" बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "राज्यघटनेत आहे. राष्ट्राध्यक्ष पदावर बसतो ना, त्याच्या वाक्यातसुद्धा हाच 'किंवा' आहे."

"कुणी लिहिलं?"

"ज्यांनी देश मांडला त्यांनी. देश मांडतानाच."

"ते आमच्यासारखे होते?"

"नाही हो. त्यातले बहुतेक खुशाल शपथ घेणारे होते. त्यांना स्वतःला या शब्दाची काही गरज नव्हती."

पंचांमधल्या एका बाईने हळूच रुमाल काढला. एनॉस न्यायाधीशबाईंच्या मागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला. कोण कुठली ती माणसं, दोनशे वर्षांपूर्वीची, केसांना पावडर लावून फिरणारी. आपली भाषा त्यांची नव्हती, आपलं चर्च त्यांचं नव्हतं. एका खोलीत बसून ती आख्ख्या देशाचा विचार करत होती, आणि तेवढ्या धामधुमीत कुणीतरी म्हटलं असेल, थांबा, शपथ न घेणारेही लोक आहेत, त्यांना दार कुठून ठेवायचं? मग त्यांनी एका शब्दाएवढं दार ठेवलं. एनॉस जन्माला यायच्या कितीतरी आधी त्यांनी त्याची वाट पाहिली होती. देवाघरचं सोडून दुसऱ्या कुठल्या गोष्टीपुढे मान लवेल असं एनॉसला कधी वाटलं नव्हतं. आज लवली. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं, ते त्याने पुसलंही नाही.

"देतो," तो म्हणाला. "माझा शब्द देतो."

पुढचं सगळं सोपं झालं. सरकारी वकिलाने आडवंतिडवं विचारून पाहिलं.

"तेव्हा किती वाजले होते, हे तुम्ही कशावरून सांगता? घड्याळ पाहिलंत?"

"नाही. संध्याकाळची धार काढायची वेळ होती."

"ती वेळ चुकत नाही वाटतं कधी?"

"मी चुकतो. गाई चुकत नाहीत. हंबरून गोठा डोक्यावर घेतात."

पंच हसले, आणि त्यातल्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. दुपारी ते आतल्या खोलीत गेले आणि फार वेळ न लावता बाहेर आले. डॅरिल निर्दोष सुटला. सुटल्यावर त्याने आधी टाय ओढून काढला आणि मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. दारातल्या शिपायाने एनॉसला पिशवी परत दिली. "काय आजोबा, नाही घेतलं ना तुरुंगात?"

"नाही," एनॉस म्हणाला. "जागा दुसरीकडेच ठेवली होती माझ्यासाठी."

पानगळीच्या दिवसांत डॅरिल मका तोडायला मदतीला आला. एनॉस नको म्हणत असतानाच तो कामाला लागला होता. दुपारी सलोमाने दोघांना जेवायला आत बोलावलं. टोपी टांगायला डॅरिल दारामागच्या खुंटीपाशी गेला, तर तिथे ती पिशवी. उचलून पाहिली, तर जड. त्याने आत डोकावलं. पाव आणि मुरंबा तेवढा संपला होता. मोजे, साबण, पंचा, पुस्तक, सगळं जागच्या जागी होतं.

"म्हातारबा, हे काय? सुटलो की आपण! रिकामी करायला विसरलास होय?"

"विसरलो नाही."

"अरे, पण तुझा तो 'किंवा' आहे ना आता! बाईने सांगितलं, घटनेतच लिहिलाय."

एनॉसने पावाला लोणी लावणं थांबवलं. "आज्याची गोष्ट सांगितली होती तुला? बोटांची?"

"सांगितलीस की. दोनदा."

"मी बसून विचार केला. देश मांडला तेव्हा लिहिला तो शब्द. म्हणजे आजा छावणीत अनवाणी उभा होता, तेव्हाही तो होताच कागदावर."

डॅरिलने पिशवी खाली केली. "मग?"

"तो शब्द म्हणून दाखवणारं कुणी भेटलं नाही त्याला."

चुलीपाशी सलोमा पाठमोरी उभी होती, तिचा डाव मध्येच थांबला. बाहेर घोड्याने खूर आपटला. डॅरिलने पिशवीचं तोंड नीट बंद केलं, ती पुन्हा खुंटीला लावली, आणि आपली टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवून जेवायला बसला.