बोयापर्यंत आणि परत

इंजिन आपणहून बंद पडत नव्हतं, कोणीतरी पाडत होतं, आणि तो कोणीतरी माझा धाकटा भाऊच होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

बाबांच्या मागे आम्हा दोघांत ही एकच प्रवासी बोट. इंजिन पेट्रोलचं, वयाने धाकट्याहून मोठं. त्याला ती विकायची होती, मला नाही. आणि गेला महिनाभर इंजिन तापलं की वीस मिनिटांत मान टाकायचं. निवलं की पुन्हा सुरू, अगदी साळसूदासारखं. पाणी कुठे मुरतंय हे कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. एकदा मी अचानक बोटीवर गेलो, तर हा डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून बसलेला. मला बघून दचकला.

"पॉइंट घासून साफ करतोय," म्हणाला. "परवा तू नव्हतास तेव्हा सुरूच होईना."

सुरू कसं होईल? बाबा गेले त्याच आठवड्यात मी सुकाणूच्या सीटखाली, लाइफ जॅकेटांच्या मागे, एक चोरस्विच बसवला होता. किल्लीकडून ठिणगी देणाऱ्या कॉइलला जाणारी वायर तोडून मध्ये जोडलेला. मी चढलो की गुपचूप चालू, उतरलो की बंद. म्हणजे माझ्या अपरोक्ष हा गिऱ्हाइकाला बोट दाखवायला नेणार नाही. मी कच्च्या गुरूचा चेला नाही.

शेवटी धाकट्यानेच तोड काढली. गिऱ्हाईक धक्क्यावर उभं राहील, आपण दोघं बाहेर पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयापर्यंत जाऊन येऊ. न थांबता आलो तर बोट ठेवायची, त्याने पुन्हा विषय काढायचा नाही. थांबली तर विकायची. मी कबूल झालो आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांवर नजर ठेवली.

त्याने कशालाच हात लावला नाही. तरीही बोयाला वळसा घालताना इंजिन बंद पडलं.

"कसं केलंस?" मी विचारलं.

"काय कसं केलंस?" त्याला खरंच कळलं नव्हतं. आधी त्याने इंजिनाच्या खणातला पंखा लावून साचलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढली, मग पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. नवा कोरा होता.

"नवे प्लग झाले, नवे पॉइंट झाले, कॉइलही बदलली," तो म्हणाला. "विकण्याआधी एकदा नीट बघावं म्हटलं. बाबांचं इंजिन आहे."

किल्लीपाशी लॅम्प लागला. कॉइलपाशी लागला नाही. "करंट मधेच कुठेतरी अडकतोय." त्याची बोटं वायरीवरून सरकत सरकत माझ्या पायाशी आली. मी सीटवर आणखी घट्ट बसलो.

"दादा, ऊठ जरा."

मला उठावंच लागलं. त्याने जॅकेटं बाजूला केली. दमट हवेने स्विचच्या टोकांवर हिरवा गंज चढला होता आणि एक वायर जळून काळी पडली होती. स्विच तापला की करंट तुटायचा, निवला की पुन्हा जुळायचा. इतके दिवस मी त्याचे हात बघत होतो, माझं काम तपासायचं मला सुचलंच नव्हतं.

"हा कधी बसवलास?"

"बाबा गेले तेव्हा."

"महिनाभर मी रोज सकाळी इथे येऊन डोकं फोडून घेतोय," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने स्विच काढून माझ्या हातात दिला, वायरी थेट जोडल्या, वर टेप गुंडाळली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. परतीला ते एकदाही अडखळलं नाही. मला फार लाज वाटत होती.

धक्क्याला दोर बांधून तो आधी उतरला. गिऱ्हाइकाने विचारलं, "मधे थांबली होती ना? इंजिनात काय दोष आहे?"

"इंजिनात काही दोष नाही," धाकटा म्हणाला. "बोट विकायची आहे."