नाही म्हणायचं नाही

खणकन चमचा फरशीवर पडला आणि टेबलाभोवतीचे तिघंही दचकले.

"माझाच कोपर लागला," मामा म्हणाला. "दचकायला काय झालं एवढं? चमचा आहे, दरोडेखोर नव्हे."

कुणी हसलं नाही. त्यानं वाकून चमचा उचलला, उगाचच सदऱ्याला पुसला. आईनं पालथा ठेवलेला मोबाइल उलटून पाहिला आणि पुन्हा पालथा घातला. दुपार टळत चालली होती. दवाखान्यातून भिंगरीच्या बाबांचा फोन यायचा होता, आणि तो येईपर्यंतचा वेळ ढकलायचा म्हणून हा खेळ मांडला होता. बाबा चष्म्याचा नंबर तपासायला गेलेत, एवढंच भिंगरीला सकाळी सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. सात वर्षांची पोर, एरवी पायाला चाकं लावल्यासारखी घरभर फिरणारी. आज मात्र खुर्चीवर मांडी घालून मुकाट बसली होती.

"सांग ना आई. नावाडी का उठत नाहीये?"

खेळ तसा साधा. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. मामा नेहमीप्रमाणे चोर, भिंगरी जंगलात वाढलेली जादूगारीण. आईनं गोष्ट सांगत न्यायची आणि वळण आलं की काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. विकत आणलेल्या खेळाबरोबर मंत्रांचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. कुठला मंत्र कुणी म्हणायचा, कितव्या पायरीला, किती पावलांवरून. भिंगरीला तेव्हा धड वाचता येत नव्हतं, आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता पानं उलटायला आईचे हात मोकळे नसत. शेवटी ते पुस्तक डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली गेलं आणि आईनं आपली स्वतःची जादू बेतली. मंत्र नाहीतच. काय हवं ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्या बदल्यात काय देणार तेही सांगायचं. बाकीच्यांनी घासाघीस करायची. किंमत कमी पडली तर जादू टिकत नाही. फार जास्त होत असेल तर इतरांनी अडवायचं. गोष्ट सांगणारीनं मात्र 'नाही, असं होऊच शकत नाही' हे कधी म्हणायचं नाही. हे कुलूप तिनं आपण होऊन स्वतःच्या तोंडाला घातलं होतं. दिवसभर पोरीला नाही, नको, आत्ता नको करून जीभ शिणायची. निदान खेळात तरी नको.

जादू छान चालली होती. मामानं एकदा किल्ल्याची भिंत चढायला आपली मिशी देऊन टाकली होती, तेव्हापासून त्याचा चोर बिनमिशीचा. पावसासाठी भिंगरीनं शीळ घालणं दिलं होतं आणि त्यानंतर खेळात एकदाही शीळ घातली नव्हती. दिलं म्हणजे दिलं, याबाबतीत ती सावकारापेक्षा कडक.

"नावाड्याला ताप आलाय," आई म्हणाली आणि म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. नावाड्याला आजारी पाडायचं तिच्या मनातही नव्हतं. नदी लवकर ओलांडली असती तर गोष्ट संपली असती, फोन यायच्या आत. म्हणून तोंडाला येईल ती अडचण तिनं मध्ये घातली होती. "साधाच ताप. विश्रांती घेतली की होईल बरा."

"नाही होणार. मला त्याला जादूनं बरं करायचंय."

"तापाला जादू?" मामा बस चालवायचा, त्याच्या सगळ्या उपमा डेपोतून यायच्या. "आमच्या डेपोत तापाला गोळी देतात. तीही अर्धी."

"मामा, घासाघीस कर. चेष्टा नको."

"बरं बाई. काय देतेस?"

"माझं घुबड."

"ते म्हातारं? एका डोळ्यानं बघणारं? त्याच्यात नावाड्याच्या करंगळीचा ताप उतरेल फार तर."

"घुबड आणि माझी अदृश्य व्हायची शाल."

"आता कसं! पण शाल देऊन टाकलीस तर राक्षस आला की लपशील कुठं? माझ्या मागं? मी तर आधीच पळालेला असेन."

"नुसतं घुबड पुरे," आई घाईनं म्हणाली. "झाला बरा. उठला, तोंड धुतलं, वल्हं हातात घेतलं. चला, बसा होडीत."

भिंगरी जागची हलली नाही. तिनं आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यानं आईला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळेना.

"तू फसवतेयस. स्वस्तातली जादू टिकत नाही, तूच सांगतेस. ती परत येईल."

"ती म्हणजे कोण गं?"

"गाठ," भिंगरी म्हणाली. "त्याच्या मानेतली."

मामाचा हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. आईनं मानेचं नावही काढलं नव्हतं. गाठीचं तर नाहीच. आठवडाभर आई-बाबा न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून बोलत होते. नळाच्या आवाजात माणसाचा आवाज बुडतो असं मोठ्यांना वाटतं. दाराबाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला नळ लवकरच ऐकू येईनासा होतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"गोष्टीतच आहे," भिंगरी टेबलाच्या कडेला नख घासत म्हणाली. "घुबड नको, शाल पण नको. मी दुसरं देते. मी परत कधी त्याच्या खांद्यावर बसणार नाही."

खेळातल्या नावाड्याच्या खांद्यावर कधी कुणी बसलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आलं की चपला काढायच्या आधी बाबा तिला उचलून खांद्यावर घ्यायचे, आणि ती दिव्याच्या झाकणीला हात लावून सगळ्या घराकडे वरून बघायची.

मामानं पेला दूर सारला. "हे फार होतंय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी अडवतो. नियम आहे, जास्त होत असेल तर अडवायचं."

"जास्त नाहीये. मी बसायचे म्हणूनच झालीय ती. माझ्या पायांनी तिथंच दाबलं जायचं."

"नाही!" आई ओरडली. "असं होऊच शकत नाही!"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आलं असतं तर बरं, असं आईला वाटून गेलं.

"आई, नाही म्हणायचं नाही."

आई टेबलाला वळसा घालून आली, तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. "हे खेळातलं बोलणं नव्हे. खरं सांगतेय. कुणी खांद्यावर बसल्यानं गाठ होत नसते, राणी. तू बसलीस म्हणून नाही. अगदी हत्ती बसला तरी नाही."

"हत्ती बसला तर माणूस मरेलच की," भिंगरी म्हणाली.

मामा हसायला गेला आणि त्याचं हसू तोंडातच विरलं. तेवढ्यात टेबलावर मोबाइल थरथरायला लागला.

आई सवयीनं न्हाणीघराकडे दोन पावलं गेली. मग थांबली. परत येऊन खुर्चीवर बसली आणि भिंगरीच्या समोरच तिनं फोन उचलला.

"ऐक," तिकडून नवऱ्याचा आवाज आला. मागं कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. "काढायची म्हणतायत. परवाच."

"आणि कसली आहे?"

"ते काढून तपासल्याशिवाय नाही सांगता येत म्हणे. डॉक्टर चांगला आहे गं. हसून बोलतो."

"हसून बोलतो म्हणजे काय?"

"म्हणजे हसून बोलतो. आता त्याचा अर्थ मला काय माहीत." मग त्यानं विचारलं, "भिंगरी काय करतेय?"

"इथंच आहे. ऐकतेय."

मग तो म्हणाला, "दे तिच्याकडे."

भिंगरीनं दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. बाबांनी काहीतरी विचारलं असावं, ती म्हणाली, "हो, जेवले." मग, "मामा आलाय." मग बाबा बराच वेळ बोलत होते आणि ती नुसती हुं हुं करत होती. मामा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, अगदी कामाचं बोलावं तसं. "मी आता मोठी झालेय. घरी आलात की मला उचलायचं नाही हं. कधीच नाही."

पलीकडून काय उत्तर आलं ते आईला ऐकू आलं नाही. भिंगरीनं फोन तिच्या हातात दिला, तेव्हा तो बंद झाला होता.

खुर्ची मागे सारून ती आईच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"माझं मी दिलं," ती म्हणाली. "पण एकटीचं पुरणार नाही, बरीच मोठी जादू आहे. तू काय देणार, आई?"