विल्मरची दुसरी लस

"कुणाला मदत करायला जाशील, तेव्हा ती तुझी फाइल घरी ठेवून जा," असं शोभनाकाकूंनी नीलांबरीला बजावलं होतं. काकूंनी अमेरिकेतल्या पार्सिपनीत वीस वर्षं काढलेली. पण नीलांबरी हसली होती. "काकू, कागद जवळ असले की कुणाच्या बापाची भीती नाही."

मित्रांनो, मी एक पिवळी लसींची पत्रिका आहे. सगळे मला कार्डच म्हणतात. माझ्यावर विल्मर नावाच्या बाळाची एकच तारीख आहे, दुसऱ्या महिन्यात टोचलेल्या पहिल्या लसीची, गेल्या वर्षीची, २००७ सालातली. पुढचे रकाने कोरे आहेत.

विल्मरची आई येसेनिया ग्वाटेमालाची, कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेली. नीलांबरीच्या भिंतीपलीकडच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. इमिग्रेशनच्या धाडींच्या बातम्या तेव्हा रोज टीव्हीवर असत, आणि सरकारी पाटी दिसली की येसेनिया रस्ता बदलायची. तरी दुसऱ्या लसीला ती निघाली, कारण नीलांबरी सोबत येणार होती. तिचीही लेक तान्हीच.

मोफत लसीच्या केंद्रात, रांगेत, मी येसेनियाच्या घामेजल्या मुठीत होते. तिला धीर यावा म्हणून नीलांबरीने आपली जाडजूड फाइल उघडली. व्हिसावर आलेल्या आपल्या माणसांची ही सवयच: पासपोर्ट, भाडेकरार, नवऱ्याच्या पे-स्लिपा, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. तूही असे कागद देत जा, मग कुणी त्रास देत नाही, असं तिने समजावलं.

"या कॉपी जातात कुठे?" येसेनियाने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"गव्हर्नमेंटकडे," नीलांबरी ठसक्यात म्हणाली.

येसेनियाने मला नीलांबरीच्या हातात दिलं, डायपर बदलून येते म्हणाली, आणि परत आलीच नाही. नर्स नंतर म्हणाली, बाळाचं नाव आणि जन्मतारीख पुरे होती.

महिन्याभराने भिंतीपलीकडून खोकला ऐकू येऊ लागला. ढास लागायची ती थांबेचना, मग श्वास ओढल्याचा एक लांब, चिरका आवाज, मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला नीलांबरी भिंतीला कान लावायची. हा डांग्या खोकला असणार, चुकलेली लस त्याचीच होती, हे तिला कळलं. तिने ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला. सोबत पोलीसही येतील, हे आठवलं आणि तो तसाच खाली ठेवला.

मग तिने दार वाजवलं. आतला टीव्ही बंद झाला. तिने मला दाराखालून आत सरकवलं.

"येसेनिया, मी चुकले गं. कागद नकोत. फक्त बाळाला दाखवूया."

मी जेमतेम अर्धी आत गेले असेन. दोन बोटं मला लागली, आणि त्यांनी मला हळूच परत बाहेर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दार उघडंच होतं. आत फरशी तेवढी पुसलेली. ते कुठे गेले, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, विल्मर आता वर्षाचा असेल. असेल, असंच म्हणते मी. त्याच्या डाव्या कानामागे तांबूस डाग आहे. तो तुमच्याच इमारतीत असेल, किंवा त्याच्यासारखंच दुसरं कुणी. भिंतीपलीकडे बाळ खोकत असेल, तर उद्यावर टाकू नका. रिकाम्या हातांनी जा, हळू दार वाजवा, आणि ते श्वास घेतंय ना, एवढं बघून या.